उजवा पाय

६ फेब्रुवारी, गुरुवार

आज रागाच्या भरात एक गोष्ट बोलून बसले आणि आता माघार घ्यायची सोय राहिली नाही.

आमच्या कन्येचा डावा हात अजून गळ्यात अडकवलेला आहे. गेल्या महिन्यात टेकडीवरच्या ट्रॅकवर सायकलची उडी मारताना पडली. खांद्यापाशी गळ्याजवळचं हाड मोडलं, आत पट्टी आणि स्क्रू बसवले. एखादी मुलगी अशा वेळी गप्प पडून राहिली असती. ही जेवताना उजव्या हातात मोबाइल धरून दुसऱ्या कुणाच्या तरी उड्या बघत होती, आणि मध्येच म्हणाली, "मार्चच्या मध्यावर डॉक्टर मला ट्रॅकवर सोडतील."

मी म्हटलं, "डॉक्टर सोडतील. मी सोडणार नाही."

"आई, मी चोवीस वर्षांची आहे."

"असशील. हाडं माझ्या घरची आहेत."

ह्यांनी ताटात मान घातली. चष्म्याच्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांना 'आता स्पष्ट दिसतंय का?' विचारणाऱ्या माणसाला घरात काही म्हणजे काही दिसत नाही.

मग शब्दाने शब्द वाढला. मी म्हटलं, त्यात असं काय मोठं आहे? दोन चाकं उचलायची आणि परत टेकवायची, एवढ्यासाठी जीव धोक्यात घालायचा? ती म्हणाली, "एवढं सोपं आहे ना, मग तू एक साधा हॉप मारून दाखव. अगदी शिकाऊ मारतात तो. तू मारलास तर मी उड्या कायमच्या सोडते."

"आणि नाही मारला तर?"

"तर तू पुन्हा यावर एक शब्द काढायचा नाहीस. शिकवीन मीच. हात गळ्यात असेपर्यंत मला तरी काय काम आहे?"

"ठरलं," मी म्हटलं.

पन्नाशीला आले. अर्धं आयुष्य लोकांना गाडी चालवायला शिकवण्यात गेलं. मला एक सायकल उचलता येणार नाही?

८ फेब्रुवारी, शनिवार

पहिला धडा. जागा आमच्या ड्रायव्हिंग स्कूलचं मैदान, संध्याकाळी सगळे शिकाऊ गेल्यावर. बघायला कुणी नसलेलं बरं.

प्रकाराचं नाव बनी हॉप, म्हणजे सशाची उडी. ससे यासाठी शिकवणी लावत नाहीत ही गोष्ट वेगळी. चालत्या सायकलवर उभं राहायचं, एक पाय पुढे, एक मागे, दोन्ही पॅडल एका पातळीत. मग खाली दबायचं, बूड मागे फेकायचं, की पुढचं चाक वर येतं. ते वर असतानाच कंबर पुढे न्यायची आणि पावलांनी मागचं चाक खरवडल्यासारखं वर ओढायचं. हे सगळं एका दमात. पाय पॅडलला बांधलेले नसतात, मग मागचं चाक कशाच्या जोरावर वर येतं, असं विचारलं तर म्हणाली, "तेच तर शिकायचंय." मी असं शिकवलं असतं तर स्कूलला कधीच कुलूप लागलं असतं.

सायकल तिची, हेल्मेट तिचं, गुडघ्यांवरच्या ढालीसुद्धा तिच्याच. सीट इतकी खाली केली होती की बसायची सोयच नाही. स्वतः प्लॅस्टिकच्या खुर्चीवर राणीसारखी बसली.

"आई, हातांनी ओढू नकोस. बूड मागे ने."

"मागेच आहे. आणखी कुठे नेऊ?"

"अजून मागे. मागच्या चाकावर."

"मग सायकल कोण चालवणार?"

ती इतकी हसली की तिला खांदा धरावा लागला. पडल्यापासून अशी हसली नव्हती. पण मी त्यासाठी मैदानात उतरलेली नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

दात घासतानासुद्धा दंड कुरकुरतायत. ह्यांनी विचारलं, "बाम देऊ?" मी म्हटलं, बाम नको, बाजू घ्या. म्हणाले, "मी यात नाही."

१२ फेब्रुवारी, बुधवार

नवीन शिकाऊ आलेत, निवृत्त प्राध्यापक. कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायचे. 'क्लच दाबा' म्हटलं की 'का?' 'आरशात बघा' म्हटलं की 'नेमकं काय बघायचं?' तोपर्यंत गाडी फुटपाथवर चढायच्या बेतात. शिकवायच्या गाडीत माझ्या बाजूला खाली दुसरा ब्रेक असतो. शिकाऊ चुकतोय असं दिसलं की माझा उजवा पाय तिथे गेलेला असतो, मला वेगळा विचार करावा लागत नाही. म्हणूनच माझ्या गाडीने आजवर कुणाला ओरखडासुद्धा काढलेला नाही. आज सरांपायी इतक्या वेळा दाबला की पोटरीत गोळा आला.

"मी दाबणारच होतो, मॅडम," म्हणतात. सगळेच दाबणार असतात.

संध्याकाळी पुढचं चाक वर आलं. चांगलं वीतभर. कन्येला एका हाताने टाळी वाजवता येत नाही, म्हणून तिने मांडीवर थाप मारली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज रोगाचं निदान झालं आणि मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

आमची अट अशी आहे की मैदानातला, शिकाऊंसाठी लावतो तो एक नारिंगी प्लॅस्टिकचा कोन आडवा ठेवायचा आणि दोन्ही चाकं त्याला न लागता पलीकडे गेली पाहिजेत. पुढचं चाक आता जातं. मागचं दर वेळी कोनावर आपटतं, आणि मागच्या पॅडलवरचा माझा पाय निसटून पॅडल नडगीवर बसतं. पॅडलला खिळ्यांसारखे दात असतात. पाय घसरू नये म्हणून, म्हणे.

आज तिने मोबाइलवर चित्रण केलं आणि हळू करून दाखवलं. चाक वर, कंबर बरोबर, सगळं बरोबर. आणि नेमका त्याच क्षणी माझा उजवा पाय खाली जातो. पॅडल उलटं फिरतं आणि सगळा डोलारा कोसळतो.

"आई, हा पाय कशाला दाबतेस?"

मला कळलं होतं, पण सांगवेना.

"आई?"

"ब्रेक," मी म्हटलं.

ती खुर्चीतून पडायची बाकी राहिली. "सायकलचा ब्रेक हाताशी असतो!"

"कुठे असतो ते मला माहीत आहे."

खरंच माहीत आहे. पण चाकाने जमीन सोडली की माझा पाय त्या दुसऱ्या ब्रेककडे धावतो, आणि तो ब्रेक तिथे नाही. मग तिने उपाय काढला, उजवा पाय मागे नको, पुढे ठेव. ठेवला. आता पाय दाबला की सायकल आणखी जोरात पुढे. कोन आणि मी, दोघंही थेट फाटकापर्यंत गेलो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मला एक शंका येतेय. ही मला मुद्दाम चुकीचं शिकवत नसेल ना? मी जिंकले तर हिच्या उड्या बंद. मग ही मला नीट का शिकवील?

म्हणून आज परस्पर सायकलच्या दुकानात गेले आणि तिथल्या मेकॅनिकला सहज विचारल्यासारखं विचारलं. त्याने शब्दशः तेच सांगितलं. वर म्हणाला, "तुमच्यासाठीच ना? ताई गेल्याच आठवड्यात येऊन रुंद टायर टाकून घेऊन गेल्या. आईला सोपं जायला पाहिजे म्हणाल्या."

टायर बदललेले माझ्या लक्षातही आले नव्हते. म्हणजे शिकवणं बरोबर आहे. मग जमत का नाही? ही तर आणखीच वैतागाची गोष्ट झाली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

अवकाळी पाऊस. सराव नाही. सुटले बाई.

हवामानवाल्यांनी कोरडं राहील असं छातीठोकपणे सांगितलं होतं. चार वाजल्यापासून खिडकीशी आहे. थांबल्यासारखा करतो आणि पुन्हा सुरू. एक तास जरी उघडीप मिळाली असती तरी मैदान वाळलं असतं. पण नाही.

शेवटी तिने स्वयंपाकघरात टॉवेल अंथरला, माझ्या हातात हँडल म्हणून झाडूचा दांडा दिला आणि नुसत्या कंबरेचा सराव करून घेतला. मागे, पुढे, मागे, पुढे. हे पाणी प्यायला आले, दोघींना बघितलं, टॉवेल ओलांडला, पाणी प्यायले आणि पुन्हा टॉवेल ओलांडून गेले. जाताना म्हणाले, "मी यात नाही."

२६ फेब्रुवारी, बुधवार

प्राध्यापकांनी आज भर चौकात गाडी उभी केली, इंजिन बंद केलं आणि मला व्याख्यान दिलं. "मॅडम, तुमचा पाय दर वेळी माझ्याआधी पोचतो. मग मी वेळेवर पोचलो असतो की नाही, हे मला कळणार कसं? आणि तुम्हाला तरी?"

मी म्हटलं, सर, ते लायसन्स मिळाल्यावर शोधा. मागून हॉर्न वाजत होते, त्याचं सरांना काही नाही. तर्कशास्त्रवाल्यांना गाडी शिकवूच नये.

सरावात आज काही सांगण्यासारखं झालं नाही. नडगी बघवत नाही.

१ मार्च, शनिवार

तिचा हात आज मोकळा केला. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला. पट्टी आणि स्क्रू पांढरे चकचकीत, दारं बसवताना लावतात तसे. ती कौतुकाने बघत होती. मी भिंतीवरचा पंखा बघत होते.

संध्याकाळी मैदानावर तिने पुढच्या रविवारची परीक्षा ठरवून टाकली. मग माझ्या चार उड्या बघितल्या आणि जवळ आली.

"आई, तू दर वेळी अर्ध्यात थांबतेस. म्हणून लागतं तुला. मारायची तर पूर्ण मार, नाहीतर कोनाच्या आधीच थांब. मध्ये थांबायला जागाच नसते."

नडगी ठणकत होती. मी म्हटलं, "मी थांबते म्हणून माझं कातडं निघतं. तू थांबली नाहीस म्हणून तुझं हाड मोडलं."

तिने बुटाच्या टोकाने कोन जरासा सरकवला. मग म्हणाली, "मी थांबले होते, आई."

"म्हणजे?"

"कितीतरी वेळा मारलेली उडी होती. वेग बरोबर होता. अगदी उडीच्या तोंडाशी आले आणि कानात तुझा आवाज आला. 'अगं, ब्रेक!' मी दाबला. मग वर गेल्यावर पलीकडे पोचण्याइतका वेगच उरला नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे सगळं खापर माझ्या डोक्यावर! मी तर त्या टेकडीच्या आसपाससुद्धा नव्हते."

"मी तुला दोष देत नाहीये."

"मग काय देतेयस?"

तिने आडवा कोन उचलला, आजच मोकळ्या झालेल्या डाव्या हाताने, आणि बाकीच्या कोनांवर नेऊन ठेवला. मग चालत घरी निघाली. मी मागून गाडी घेऊन. एकाच घरी जायचं होतं, तरी गाडीत बसली नाही.

२ मार्च, रविवार

बोलणं बंद. स्वयंपाक तिने केला, भाजीत मीठ नव्हतं. मी काही बोलले नाही. हेही बोलले नाहीत, पण ते यात नाहीतच.

४ मार्च, मंगळवार

डोक्यात दुसरं काही शिरतच नव्हतं. म्हणून सकाळी उजाडताच सायकल गाडीत टाकली, मैदानावर गेले आणि सवयीने कोन आडवा ठेवला. सरावासाठी नाही, नुसता राग आला होता म्हणून. मी पाय दाबते तो माणसं मरू नयेत म्हणून. त्यात माझं काय चुकलं? लहान असताना फाटकातून रस्त्यावर धावत सुटायची, तेव्हा 'अगं, ब्रेक!' असं ओरडायचं नाही तर काय गाणं म्हणायचं? आणि तो आवाज तिने इतकी वर्षं कानात ठेवला, हा काय माझा दोष? असं मनातल्या मनात कडाकडा भांडत पॅडल मारत होते, आणि कोन समोर आला.

आपटल्याचा आवाज आला नाही.

मला वाटलं, रागात बाजूनेच निघून गेले. वळून बघितलं. जमिनीवर दव होतं. टायरचा काळसर पट्टा कोनाच्या अलीकडे थांबला होता आणि पलीकडे पुन्हा सुरू झाला होता. कोन जागचा हलला नव्हता.

पुन्हा मारली. पुन्हा गेली. आणखी एकदा.

काय सांगू. तो एवढासा वेळ असतो, डोळा मिटून उघडावा इतका. त्यात दाबायला काही नसतं, वळवायला काही नसतं, कुणाला काही सांगायचं नसतं. मला वाटत होतं तिथे नुसती भीती असेल. तिथे तीही नव्हती. मी मैदानाच्या मध्यावर, डोक्यावर हेल्मेट, नडगीला तीन पट्ट्या, एकटीच मोठमोठ्याने हसत होते. कुणी बघितलं असतं तर स्कूल बंद करावी लागली असती.

म्हणजे मी जिंकले. सांगायला तडक घरी आले. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कालपासून पुन्हा रुजू झाली आहे. निघायच्या आधी भिंतीशी उभी राहून खांद्याचा व्यायाम करत होती. बोटांनी भिंतीवर वर वर चढायचं. दुखायला लागलं की तिचा ओठ दाताखाली जातो. तिथे ती थांबली नाही. हात आणखी एक बोटभर वर नेला.

मी म्हटलं, "चहा घेतलास का?"

ती म्हणाली, "हो."

आता रविवारी सगळ्यांसमोरच दाखवू, असा विचार केला. म्हणून सांगितलं नाही. दुसरं काही कारण नाही.

६ मार्च, गुरुवार

बाईसाहेब बोलायला लागल्या. संध्याकाळी स्वतःहून मैदानावर आली. तिच्यासमोर तीनदा उडी मारली आणि तिन्ही वेळा कोन उडाला. मुद्दाम नाही. निदान मला तरी तसं वाटत नाही.

"चाकाकडे बघू नकोस, पलीकडे बघ," ती ओरडत होती. "येतंय आई, येतंय! अगदी एवढंसंच राहिलंय!" सायकलच्या बाजूने धावत होती, घसा बसेपर्यंत. मला जिंकवायला ही एवढी जिवाचं रान का करतेय? मी जिंकले की नुकसान हिचं. एवढी शिकलीसवरलेली मुलगी, साधा हिशोब कळू नये?

९ मार्च, रविवार

परीक्षा झाली. मी हरले.

ह्यांनी दुकान उशिरा उघडायचं ठरवलं आणि मैदानावर येऊन प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. यात नसलेला माणूस पहिल्या रांगेत. कन्येने कोन आडवा ठेवला, सरळ आहे की नाही ते वाकून बघितलं, पुन्हा थोडा हलवला. मग माझ्या हेल्मेटचा पट्टा तपासला. तिची बोटं गार होती. "तुला जमेल," म्हणाली. आवाज नेहमीचा नव्हता.

मी निघाले. वेग आला, पॅडल एका पातळीत, दबले. आणि मला कळलं की ही उडी पलीकडे जाणार आहे. जशी चौकात पुढची गाडी वळणार हे आधीच कळतं, तसं कळलं.

मी हाताचा ब्रेक दाबला. कोनाच्या बऱ्याच आधी, नीट, दोन्ही चाकं जमिनीवर. थांबले आणि पाय टेकला.

"नाही जमत," मी म्हटलं. "हरले. पुन्हा एक शब्द काढणार नाही."

ह्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. ती चालत आली. माझ्या पायाकडे बघत नव्हती, हाताकडे बघत होती.

"हाताचा दाबलास."

"मग? ब्रेक तिथेच असतो ना?"

"आजपर्यंत एकदाही दाबला नव्हतास. तुझा नेहमी पाय जातो." तिने माझा हात ब्रेकवरून सोडवला. "आई, तुला येतं."

"येत असतं तर मारली नसती का? काहीतरीच बोलू नकोस."

मग तिने मला सायकलसकट मिठी मारली. पॅडल पुन्हा नडगीत घुसलं. मी म्हटलं, अगं खांदा सांभाळ. तर म्हणते, "गप्प बस." जन्मदात्या आईला गप्प बस म्हणते.

खरं सांगायचं तर मला भीती वाटते. ती खूप आहे आणि आता ती बोलून दाखवायचा हक्कही मी घालवून बसले. स्वतःच्या हाताने. पण जिंकले तर तिला मध्येच थांबवणारा आवाज पुन्हा माझाच असेल. तसं मला जिंकायचंच नाही.

१५ मार्च, शनिवार

डॉक्टरांनी सोडलं. सकाळीच ट्रॅकवर गेली. बरोबर मैत्रीण आहे म्हणाली.

दारात बूट बांधायला नको तेवढा वेळ लावला. मी काही बोलेन म्हणून थांबली असावी. तोंडाशी आलं ते सगळं गिळलं. शेवटी म्हटलं, "मध्ये थांबू नकोस." तिने वर बघितलं, मान हलवली आणि गेली.

कपाट आवरलं. मग सगळं बाहेर काढून पुन्हा आवरलं. प्राध्यापकांचा फोन आला, सोमवारी क्लास आहे का. आहे म्हटलं, फोन अडवून ठेवू नका. ते म्हणाले, "का?"

दुपार झाली. फोन नाही. ह्यांना दुकानात फोन केला, काही काम नसताना. "येईल," म्हणाले. मी विचारलं, तुम्हाला कसं माहीत? तर जरा थांबून म्हणाले, "मला नाही माहीत." मग दोघंही फोन धरून बसलो. कुणीच ठेवला नाही, गिऱ्हाईक येईपर्यंत.

फाटक वाजलं. शेजारचे होते.

आली. कोपर सोललंय, गुडघ्यापर्यंत चिखल, दोन्ही खांदे सारखे.

"मारलीस?"

"मारली."

"पूर्ण?"

"पूर्ण," म्हणाली. "भूक लागलीय."

मी आत गेले, नळ मोठा सोडला आणि मनसोक्त रडून घेतलं. मग बाहेर येऊन तिला ओरडले, चिखलाचे बूट घालून घरात कशी आलीस म्हणून.